चारातले दोन उरतात तेव्हा

कॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीत गणितात अडलेल्या माणसाला नेमकं काय अडलंय ते सांगता येतं. लॉगॅरिदम जमत नाही, वर्तुळावरची गणितं चुकतात, काळ-काम-वेगात गोंधळ होतो. तो धडा पुन्हा काढायचा, गणितं सोडवत राहायची, आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. आरसीत, म्हणजे इंग्रजी पॅसेज वाचून त्यावरचे प्रश्न सोडवण्यात, अडलेल्याचं तसं नसतं. पॅसेज वाचला, समजला असं वाटलं, चार ऑप्शन वाचले, त्यातले दोन सरळ उडवले, उरलेल्या दोनांतला एक पटला म्हणून टिक केला, आणि तो चुकला. पुन्हा वाचलं तरी तोच पटतो. मग सुधारायचं काय, हेच कळत नाही. म्हणून आरसीतला फटका मनाला जास्त लागतो. एखादा धडा कच्चा राहिलाय असं वाटत नाही, आपली समजच कमी आहे असं वाटायला लागतं. मला बराच काळ तसं वाटत होतं. सोलापुरातल्या अभ्यासिकांमध्ये आजही तसं वाटणारी मुलं-मुली भेटतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझं शिक्षण सोलापुरातच झालं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम., आणि मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल बनवणाऱ्या एका कारखान्यात अकाउंट्सची नोकरी. दिवसभर बिलं, जीएसटी, निर्यातीचे कागद, आणि संध्याकाळी घरी येऊन कॅटचा अभ्यास. गणिताची भीती मला कधी नव्हती. लॉजिकचे सेटही शांतपणे बसलं की सुटायचे. अडचण होती ती पहिल्या विभागाची, व्हार्कची, म्हणजे इंग्रजी भाषा आणि वाचनाच्या विभागाची.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2020पासून कॅट दोन तासांची आहे. तीन विभाग, प्रत्येकाला 40 मिनिटं, आणि वेळ संपली की तो विभाग बंद होतो, मागे जाता येत नाही. मी परीक्षा दिली त्या वर्षांत व्हार्कमध्ये 24 प्रश्न होते. त्यातले 16 प्रश्न चार पॅसेजवर, उरलेले आठ पॅराजंबल (विस्कटलेली वाक्यं क्रमाने लावणं), सारांश वगैरे प्रकारांचे. उत्तर बरोबर आलं तर तीन गुण, ऑप्शनचा प्रश्न चुकला तर एक गुण वजा. म्हणजे 72 गुणांपैकी 48 गुण त्या चार पॅसेजमध्ये अडकलेले. आणि पॅसेज कशावर येईल याचा नेम नाही. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, प्राण्यांचं वागणं, कलेचा इतिहास, अर्थकारण, काहीही. इंग्रजी नियतकालिकांतल्या मोठ्या लेखांतून उचललेले, घट्ट विणीचे पाचेकशे शब्द.

2022ची कॅट दिली आणि डिसेंबरात निकाल आला. गणितात 96 पर्सेंटाइल, म्हणजे साधारण 96 टक्के परीक्षार्थी माझ्या मागे, आणि व्हार्कमध्ये 58. एकूण आकडा अगदीच वाईट नव्हता, पण बहुतेक आयआयएम प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ लावतात. एका विभागात खाली राहिलात की बाकीचे दोन कितीही चांगले असोत, मुलाखतीचा कॉल येत नाही. पुढे जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी सगळे नातेवाईक गावात. जो भेटेल तो विचारणार, "काय गं, निकाल काय लागला?" प्रत्येकाला तेच उत्तर देताना घसा कोरडा पडायचा. त्यातल्या एका काकांनी सहज म्हटलं, "इंग्लिश मीडियमची पोरं असतात त्यात, आपल्याला जरा जडच जाणार." त्यांना वाईट हेतू नव्हता. पण ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं, आणि पुढचे कित्येक महिने प्रत्येक चुकलेल्या उत्तरानंतर तेच ऐकू यायचं.

त्या दिवसांत सल्ल्यांना तोटा नव्हता. रोज इंग्रजी पेपर वाच. शब्द पाठ कर. वाचायचा वेग वाढव. आधी प्रश्न वाच, मग पॅसेज. आधी पॅसेज वाच, मग प्रश्न. मी जमेल ते सगळं करून पाहिलं. शब्दांच्या याद्यांबद्दल माझं मत आता पक्कं आहे: कॅटमध्ये सुट्या शब्दाचा अर्थ विचारत नाहीत, आणि अडलेल्या शब्दाचा अंदाज पुढच्या-मागच्या ओळींवरून बहुतेक वेळा बांधता येतो. याद्या पाठ करून आपण अभ्यास केला एवढं समाधान मिळतं. वेगाचंही तेच. पाचशे शब्द वाचायला तीन-चार मिनिटं लागणारच. दोन मिनिटांत उरकून मग प्रत्येक प्रश्नासाठी पुन्हा वर जाण्यात जास्त वेळ जातो.

खरा बदल सुरू झाला तो घरात, आणि तोही माझ्या ठरवण्यातून नव्हे. आप्पा रोज सकाळी पेपरातला अग्रलेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. शिक्षण अकरावीपर्यंतच, पण लेख वाचून झाला की त्यातलं सार दोन वाक्यांत सांगण्याची त्यांना जुनी सवय. एकदा रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉपसमोर डोकं धरून बसले होते. त्यांनी विचारलं, "काय वाचलालीस एवढं? सांग की मला."

तो 2019च्या कॅटमधला पॅसेज होता. यी-फू तुआन नावाचे एक भूगोलतज्ज्ञ, त्यांनी माणूस आणि जागा यांच्यातल्या भावबंधाचा विचार मांडला, त्याला टोपोफिलिया म्हणतात, असा विषय. मी सांगायला लागले, "लेखक म्हणतोय की माणसाला जागेबद्दल ओढ वाटते. मग ती कशाकशावर अवलंबून असते ते दिलंय. संस्कृती, इतिहास, असं. मग निसर्गाचं काहीतरी आहे."

"ते झालं. पण त्याला म्हणायचंय काय?"

"हेच की माणसाला आपल्या गावाची ओढ असते."

"सगळ्यांना?"

मी पुन्हा पॅसेज पाहिला. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की ही काही माणसाच्या सगळ्यात तीव्र भावनांपैकी नव्हे. ज्या जागेत आपण घडतो तिच्याबद्दल पुष्कळ माणसं उदासीनच असतात. पण ही भावना जागी झाली की एखादी जागा मोठ्या अर्थाची खूण होऊन बसते. मी ते वाक्य वाचलं होतं. मात्र सोलापूर सोडून जायच्या कल्पनेनेच पोटात कालवणारी मी, मला ते वाक्य दिसूनही ऐकू आलं नव्हतं. मी माझं मत लेखकाच्या तोंडी घातलं होतं.

त्याच पॅसेजवर एक प्रश्न होता: लेखकाच्या मनातल्या टोपोफिलियाच्या सगळ्यात जवळचं काय? एका ऑप्शनमध्ये म्हटलं होतं की बहुतेक प्राण्यांना, माणसालाही, भूरचनेची, म्हणजे टोपोग्राफीची, जाण असते. शब्द दिसायला जवळचा, अर्थ दुसराच. भूरचना ओळखणं वेगळं आणि तिच्यावर जीव जडणं वेगळं. दुसऱ्यात भटक्या समाजांना जमिनीची ओढ सगळ्यात कमी असते असं विधान होतं. ऐकायला खरं वाटतं, पण पॅसेजमध्ये त्याचा मागमूस नाही. आणखी एकात फ्रेंच लोक इंग्रजी बोलायचं टाळतात असं काहीसं. म्हणजे जमिनीचा नव्हे, भाषेचा मुद्दा. राहिला तो ऑप्शन असा: अनेक संस्कृती आपल्या भूमीला मातृभूमी किंवा पितृभूमी मानतात, ते या भावनेचं रूप म्हणता येईल. "म्हणता येईल" एवढाच त्याचा दावा. तेच उत्तर.

त्या रात्रीपासून मी एक नेम धरला. घड्याळ बाजूला ठेवून पॅसेज वाचायचा, प्रत्येक परिच्छेदासाठी मराठीत एक ओळ लिहायची, आणि शेवटी "त्याला म्हणायचंय काय" याचं उत्तर एका वाक्यात. क्लासमध्ये मला उलट सांगितलं गेलं होतं: इंग्रजीत वाचताना इंग्रजीतच विचार करा, मनात भाषांतर करत बसू नका. परीक्षेच्या हॉलमध्ये ते ठीक असेल, पण सरावात मला मराठीचा मोठा उपयोग झाला, आणि मराठी माध्यमातल्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. इंग्रजीत सारांश लिहिताना पॅसेजमधलेच चार वजनदार शब्द उचलून वाक्य जुळवता येतं, आणि समजल्यासारखं वाटतं. मराठीत लिहायला गेलं की ती पळवाट बंद होते. समजलं नसेल तर पेन पुढे सरकतच नाही. काकांच्या त्या वाक्यालाही मला मिळालेलं उत्तर हेच होतं. अग्रलेख वाचून त्याचं सार सांगणाऱ्या घरात मी वाढले होते, आणि आरसीला लागतं ते कसब हेच आहे. फक्त ते इंग्रजी मजकुरावर चालवायचं होतं.

अभ्यासाला मी शक्यतो घराबाहेर जायचे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या खोलीत संध्याकाळी सातलाही बसवत नाही. त्यात पाण्याचा दिवस असला की घरातल्या सगळ्यांचं वेळापत्रक नळाच्या हाती. अभ्यासिकेत निदान पंखा आणि शांतता होती. तिथली बहुतेक मुलं एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीची. कॅटची मी आणि माझी एक मैत्रीण. ती पूर्व भागातली, घरी तेलुगू, शाळा मराठी, घरचे यंत्रमाग. ती एमबीए सीईटीचीही तयारी करत होती. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे दोन ऑप्शन उरले की ती पटकन एक टिक करून पुढे जायची. कॅटमध्ये तसं चालत नाही, आणि आमची दोघींची गाडी नेमकी त्याच ठिकाणी अडायची. चारातले दोन सहज जायचे. उरलेल्या दोनांत घोळ.

एकदा आम्ही स्वतःच प्रश्न तयार करायला घेतला. पाण्याचाच विषय निघालेला. तिने वहीत दोन वाक्यं लिहिली: "उजनी धरण यंदा पूर्ण भरले. तरीही शहराच्या अनेक भागांत चार-पाच दिवसांनी पाणी येते." प्रश्न: यावरून काय निष्कर्ष निघतो? चार ऑप्शन आम्ही मिळून केले. एक, धरणातलं पाणी शहराला पुरत नाही. दोन, पाणी सोडण्याचं नियोजन चुकलंय. तीन, धरणाचं सगळं पाणी उसाला जातं. चार, धरण भरलं म्हणजे नळाला रोज पाणी येईलच असं नाही.

ती लगेच म्हणाली, "दोन. बघायचं काय त्यात?"

"कुठे लिहिलंय नियोजन चुकलंय म्हणून?"

"अगं, माहितीच आहे की सगळ्यांना."

"आपल्याला माहितीये. या दोन वाक्यांत आहे का?"

तिने वाक्यं पुन्हा वाचली. शंभरेक किलोमीटरवरून पाणी आणायचं तर जलवाहिनी किती मोठी आहे, पंप किती, टाक्या किती, वाटपाच्या नळ्या कशा, यातलं काहीही कारण असू शकतं. दोन वाक्यांतून खात्रीने निघतं ते फक्त चौथं. आणि चौथं वाचताना असं वाटतं की यात नवीन काय सांगितलं? फिकं, बेचव विधान. आम्ही दोघी बराच वेळ त्यावर बोलत राहिलो, शेवटी शेजारच्या मुलाने हळू बोला म्हणून खूण केली. आमचं इतके दिवस काय होत होतं ते त्या पाण्याच्या प्रश्नात लख्ख दिसलं. शेवटच्या दोन ऑप्शनमध्ये एक असतो आपल्याला खरा वाटणारा, भारदस्त, काहीतरी मोठं सांगणारा. दुसरा असतो लेखक जेवढं बोलला तेवढंच बोलणारा. आणि आपण वाचक म्हणून पहिल्याकडे ओढले जातो, विशेषतः विषय ओळखीचा असला तर.

मग मी चुकांची वही वेगळ्या पद्धतीने ठेवायला लागले. आधी तिच्यात नुसतं लिहिलेलं असायचं: माझं उत्तर ब, बरोबर ड. त्यातून काही शिकता येत नाही. नवे रकाने तीन केले. मी निवडलेल्या ऑप्शनमधला कोणता शब्द पॅसेजच्या पुढे जातो. बरोबर ऑप्शन मी का सोडला. आणि त्याला आधार देणारी ओळ पॅसेजमध्ये कुठे आहे. दुसरा रकाना भरायला सगळ्यात अवघड जायचा, आणि सगळ्यात जास्त त्यानेच शिकवलं. महिनाभराची पानं उलटून पाहिली तर तीच तीच कारणं परत परत येत होती. बरोबर उत्तर मी सोडत होते ते "कदाचित", "काही अंशी", "बऱ्याचदा" असल्या शब्दांमुळे, कारण ते गुळमुळीत वाटायचं. "फक्त", "नेहमी", "सर्वच" असलेलं उत्तर ठाम वाटायचं. याचा अर्थ ठाम ऑप्शन चुकीचाच असतो असं नव्हे. लेखकच ठामपणे बोलत असेल तर उत्तरही ठाम असणार. लेखकाचा आवाज जेवढा, तेवढाच उत्तराचा हवा. दुसरं कारण "खालीलपैकी एक सोडून सर्व" या प्रकारच्या प्रश्नांत निसटणं. तिसरं, उदाहरणालाच मुद्दा समजणं. आजार ओळखता आल्यावर भीती अर्ध्याने कमी झाली. गुण लगेच वाढले नाहीत, पण आपल्याला काही समजतच नाही हे वाक्य मनातून गेलं. कुठे काय होतं ते आता दाखवता येत होतं, गणितातल्यासारखं.

मे-जूननंतर गुण चढायला लागले. आणि सप्टेंबरमध्ये एका मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, सोळापैकी चार प्रश्न बरोबर आले. एवढी मेहनत करून व्हार्कचा पर्सेंटाइल चाळिशीत. त्या रविवारी दुपारी मी लॅपटॉप मिटला आणि पार्क चौकापर्यंत नुसतीच चालत गेले. कॅटला जेमतेम दोन महिने राहिलेले. फॉर्मचे पैसे, क्लासचे पैसे, कारखान्यात मागून घेतलेल्या सुट्ट्या, सगळं डोळ्यांसमोर यायला लागलं. घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "चहा ठेवू?" आप्पांनी तेही विचारलं नाही.

त्या फटक्यातून बाहेर यायला जे उपयोगी पडलं ते सांगते. पहिलं म्हणजे त्याच दिवशी मी उत्तरं उघडली नाहीत. वाईट मॉकनंतर लगेच विश्लेषण करायला बसलं की माणूस कारणं शोधत नाही, स्वतःला दोष देत बसतो. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तेच चार पॅसेज कोऱ्या कागदावर, वेळ न लावता, पुन्हा सोडवले. सोळापैकी दहा बरोबर आले. म्हणजे समज जागेवर होती, गेली होती ती दुसरीच गोष्ट. मग प्रत्येक पॅसेजला लागलेला वेळ पाहिला. पहिला पॅसेज भाषेच्या तत्त्वज्ञानावरचा, महाकठीण, आणि त्याला मी सतरा मिनिटं दिली होती. सोडवत नव्हते, झगडत होते. उरलेले तीन घाईघाईत, घाबरलेल्या मनाने. चुकलेल्यांपैकी बहुतेक त्या तिघांतले.

उरलेल्या प्रश्नांत दोन-तीन असे होते की क्लासने दिलेलं स्पष्टीकरण वाचूनही उत्तर पटेना. मैत्रिणीला दाखवले, तिलाही पटेना. मॉकमधले सगळेच आरसी प्रश्न नीट बेतलेले नसतात, हे कुणी उघडपणे सांगत नाही, पण मुलांनी ओळखून असावं. कॅटचे 2017पासूनचे खरे पेपर उपलब्ध आहेत. त्यांत बरोबर उत्तराला पॅसेजमध्ये आधार सापडतो, आणि बाकीच्या तिघांत काहीतरी बोट ठेवण्याजोगं चुकलेलं असतं. म्हणून मी ते पेपर वेगळ्या कामाला लावले. उत्तर आधी बघायचं, मग ते का बरोबर आहे आणि बाकीचे तीन का नाहीत हे स्वतःला पटेपर्यंत पॅसेज तपासायचा. मॉक राहिले वेळेच्या सरावापुरते. कान तयार होतो तो खऱ्या पेपरांवर.

आणि आकड्यांचंही एक गणित मी मांडून पाहिलं. अकाउंट्समध्ये असल्यामुळे कदाचित ते आधी सुचायला हवं होतं. आरसीचे प्रश्न सोळाच. एक उत्तर चुकीचं असण्याऐवजी बरोबर आलं की वजा एकाचे अधिक तीन होतात, चार गुणांचा फरक. शेवटच्या दोनांत अडलेले दोन प्रश्न इकडचे तिकडे झाले की आठ गुण. 72 गुणांच्या विभागात आठ गुणांनी पर्सेंटाइल कुठल्या कुठे जातो. म्हणजे माझी समज तसूभरही न बदलता एका रविवारी मी खूप चांगली आणि पुढच्या रविवारी खूप वाईट ठरू शकते. तेव्हापासून एका मॉकच्या आकड्याला मी महत्त्व देणं सोडलं. पाच-पाच मॉकची सरासरी आणि वहीतल्या कारणांची मोजणी, एवढंच बघायचं. सरासरी सावकाश वर जात होती, मधले खड्डे धरूनही.

सतरा मिनिटांच्या झगड्यावर मात्र वेगळा सराव लागला. मी मुद्दाम सगळ्यात नावडता विषय पहिला घ्यायचे. बहुतेक वेळा तत्त्वज्ञान, नाहीतर कलासमीक्षा. दोन परिच्छेद वाचून धागा लागला नाही तर पॅसेज सोडायचा, आणि उत्तर न बघता थेट पुढच्यावर जायचं. ऐकायला सोपं वाटतं. करताना हात थांबतो, कारण सोडलेला पॅसेज मनात बोलत राहतो. पुढचा पॅसेज वाचताना पहिल्या परिच्छेदाची मराठी ओळ मनातल्या मनात म्हणायची, एवढ्याने तो आवाज बंद व्हायचा. घाबरलेल्या मनाला हलकं काहीतरी काम दिलं की ते परत मार्गावर येतं, हे माझ्यापुरतं तरी खरं ठरलं. सरावात फटके खाल्ले ते इथे कामी आले. वाईट पॅसेजनंतर चांगला वाचायचा असतो, हेही शिकावंच लागतं.

2023ची कॅट 26 नोव्हेंबरला होती. माझं केंद्र पुण्यात. आदल्या दिवशीच जाऊन मावशीकडे राहिले. सकाळच्या गाडीच्या भरवशावर परीक्षेला जाऊ नये, हे सोलापूरच्या कुणालाही सांगावं लागत नाही. पेपर उघडला आणि मी पहिला घेतलेला पॅसेज साहित्याबद्दलचा, लांब वाक्यांचा. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत धागा हाती आला नाही. सोडला. पुढचा होता फ्रान्सच्या एका डोंगराळ भागाचा, लोझेरचा. गावांत शाळा नाहीत, काम नाही, आणि त्यात लांडगे परत आलेत, अशी मेंढपाळांची तक्रार. तो वाचताना मला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय हे लक्षात आल्याबरोबर मी सावध झाले. ओस पडणारी गावं म्हटल्यावर मला आमच्याकडचीच गावं आठवत होती, आणि शेतकऱ्याची बाजू मनात आपोआप भारी व्हायला लागली होती. म्हणून प्रत्येक ऑप्शनला विचारलं, हे त्या लेखकाने म्हटलंय का? चारही प्रश्न शांतपणे झाले. सोडलेल्या पॅसेजकडे शेवटी सात-आठ मिनिटं उरली होती, त्यात दोन प्रश्न केले, दोन तसेच ठेवले.

डिसेंबरात निकाल आला तेव्हा व्हार्कला 91 होते. एकूण पर्सेंटाइलवर नव्या आयआयएमपैकी काहींचे कॉल आले, मुलाखती झाल्या, आणि पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. माझ्या मैत्रिणीला कॅटमधून हवं तसं काही मिळालं नाही. सीईटीतून तिला पुण्यात चांगलं कॉलेज मिळालं आणि तिची निवड तिने आनंदाने केली. तिच्याइतकं ऑप्शनवर माझ्याशी कुणी भांडलं नाही. ती नसती तर ती वही नुसती याद्यांची राहिली असती.

जाताना वही अभ्यासिकेतल्या एका मुलाला दिली, तोही दुसऱ्यांदा कॅट देतोय. त्याने माझ्या तीन रकान्यांना चौथा जोडलाय: उत्तर देताना खात्री किती होती. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला होता. त्याची सगळ्यात जास्त खात्रीने दिलेली आणि तरीही चुकलेली उत्तरं जवळजवळ सगळी अर्थशास्त्राच्या पॅसेजवरची निघाली, आणि अर्थशास्त्र हा त्याचा पदवीचा विषय आहे. आता तो अर्थशास्त्राचा पॅसेज आला की प्रत्येक ऑप्शनसमोर ओळ क्रमांक लिहितो, आणि क्रमांक लिहिता आला नाही तर तो ऑप्शन, कितीही खरा असला तरी, खोडून टाकतो.